पैज, बूट आणि पर्ल हार्बर

डिसेंबर १९४४. जर्मनांच्या छावणीतून दोन अमेरिकी युद्धकैदी बोगद्यातून निसटतात. मागे राहिलेल्यांचा जीव टांगणीला, आणि सेफ्टन नावाचा सार्जंट म्हणतो, ‘दोघं जंगल काही पार करत नाहीत. लावता पैज?’ सिगारेटी पुढे सरकतात. बाहेर मशीनगन धडधडते. सेफ्टन जिंकलेल्या सिगारेटी गोळा करतो.

बिली वाइल्डरचा ‘स्टॅलाग १७’ (१९५३) असा सुरू होतो, आणि गंमत म्हणजे हा विनोदी चित्रपट आहे. मूळ नाटक डोनाल्ड बेव्हन आणि एडमंड ट्रझिन्स्की यांचं. दोघंही ऑस्ट्रियातल्या स्टॅलाग १७-बी छावणीत कैद भोगून आलेले.

सेफ्टन म्हणजे पक्का व्यापारी. उंदरांच्या शर्यतींवर जुगार, बटाट्याच्या सालींची हातभट्टी, रशियन बायकांच्या बराकीकडे रोखलेली दुर्बीण. सगळ्याचा मोबदला सिगारेटींत. बाकीचे पाणचट सूप गिळत असताना हा पहारेकऱ्यांकडून मिळवलेलं अंडं सगळ्यांदेखत तळून खातो. बातम्या जर्मनांकडे फुटू लागल्यावर संशय दुसऱ्या कुणावर जाणार? पुरावा नसताना बराक त्याला बेदम मारते. ही माणसं आपल्याला नुकतीच हसवत होती, हे वाइल्डर विसरू देत नाही.

छावणीचा प्रमुख झालाय दिग्दर्शक ऑटो प्रेमिंजर. वाइल्डरसारखाच ऑस्ट्रिया-हंगेरीत जन्मलेला ज्यू. बर्लिनला फोन लावायचा म्हणून हा अधिकारी आधी बूट चढवून घेतो, बोलताना टाचा जुळवतो आणि फोन ठेवताच बूट उतरवायला लावतो. हुकूमशाहीची याहून नेमकी टर क्वचितच कुणी उडवली असेल.

खरा फितूर सापडतो तो एका साध्या प्रश्नाने: पर्ल हार्बरवर हल्ला झाला तेव्हा किती वाजले होते? सहा, जेवत होतो, असं तो सांगतो. सहा वाजले होते ते बर्लिनमध्ये, असं सेफ्टन सुनावतो. तो ज्या क्लीव्हलँडचा म्हणवतो, तिथे तेव्हा दुपार होती.

सेफ्टन झालेल्या विल्यम होल्डनला हा माणूस फार स्वार्थी वाटला होता. त्याला थोडा नाझीविरोधी करा, असं त्याने सुचवलं. वाइल्डरने ऐकलं नाही, आणि होल्डनला त्याच भूमिकेसाठी ऑस्कर मिळालं.

पुढे जर्मनीत चित्रपट दाखवायची वेळ आली, तेव्हा पॅरामाउंट स्टुडिओने तो फितूर जर्मनऐवजी पोलिश दाखवावा, असा प्रस्ताव ठेवला. वाइल्डरने १९३३मध्ये बर्लिन सोडलं होतं. त्याची आई नाझींच्या ज्यूसंहारात गेली होती. त्याने साफ नकार दिला. १९५४च्या ‘सॅब्रिना’नंतर तो पॅरामाउंटमधून बाहेर पडला.