छडीपासून अभ्यासक्रमापर्यंत : जुन्या ब्रिटिश विनोदी मालिका आणि शाळेतील राजकारण

ब्रिटनमध्ये शाळेवर हुकमत कोणाची चालावी, हा वाद विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात संसदेत वारंवार पेटला. त्याच काळात शाळा आणि शिक्षण या विषयांना हात घालणाऱ्या काही विनोदी मालिका दूरचित्रवाणीवर लोकप्रिय झाल्या. ‘व्हॅको!’, ‘प्लीज सर!’, ‘माइंड युवर लँग्वेज’ आणि ‘येस, प्राइम मिनिस्टर’ या चार मालिका क्रमाने घेतल्या, तर शाळेवरील सत्ता मुख्याध्यापकाच्या खोलीतून मंत्रालयापर्यंत कशी सरकली, ते दिसते. या मालिकांविषयी आज टोकाची दोन मते ऐकू येतात. एका मतानुसार तो निर्मळ विनोदाचा काळ होता. दुसऱ्या मतानुसार तो क्रूर आणि पूर्वग्रहदूषित होता. त्या काळची शिक्षणव्यवस्था समोर ठेवली, की दोन्ही मते अपुरी ठरतात.

मुख्याध्यापकाचे राज्य

१९४४ च्या शिक्षण कायद्याने इंग्लंड आणि वेल्समधील सरकारी शाळांत माध्यमिक शिक्षण मोफत केले. अकराव्या वर्षीच्या परीक्षेवरून मुलांची वाटणी होई. निवडलेली मुले ग्रामर शाळेत जात, उरलेली बहुतेक सेकंडरी मॉडर्न शाळेत. वर्गात काय शिकवावे, याबाबत मात्र कायदा जवळजवळ मूक होता. सक्तीचा विषय एकच, धर्मशिक्षण. १९६० मध्ये शिक्षणमंत्री डेव्हिड एक्ल्स यांनी अभ्यासक्रमाला ‘गुप्त बाग’ म्हटले, ते यामुळेच. तिथे मंत्र्यालाही प्रवेश नव्हता.

‘व्हॅको!’ ही मालिका याच काळातली. फ्रँक म्यूर आणि डेनिस नॉर्डन यांनी लिहिलेली ही मालिका बीबीसीवर १९५६ ते १९६० या काळात चालली. चिझलबरी नावाच्या काल्पनिक खासगी शाळेचा लबाड, छडीबहाद्दर मुख्याध्यापक जिमी एडवर्ड्स यांनी रंगवला. मुलांना मारण्यावर हसणे आजच्या प्रेक्षकाला अस्वस्थ करते आणि ती अस्वस्थता रास्त आहे. तरीही मालिकेचा रोख मुलांवर नसून निरंकुश मुख्याध्यापकावर होता, हे तिच्या चाहत्यांचे म्हणणेही खरे आहे. छडीवरची बंदी पुढे राजकीय लढाईतूनच आली. जुलै १९८६ मध्ये हाउस ऑफ कॉमन्सने ती २३१ विरुद्ध २३० अशा एका मताच्या फरकाने मान्य केली आणि १९८७ पासून सरकारी शाळांत ती लागू झाली. चिझलबरीसारख्या खासगी शाळांतील मुलांना हे संरक्षण इंग्लंड आणि वेल्समध्ये १९९९ मध्ये मिळाले.

निवडीतून गळलेली मुले

जुलै १९६५ मध्ये मजूर पक्षाचे शिक्षणमंत्री अँथनी क्रॉसलंड यांच्या खात्याने १०/६५ क्रमांकाचे परिपत्रक काढले. निवड परीक्षा सोडून सर्वांसाठी एकत्रित, म्हणजे काँप्रिहेन्सिव्ह शाळा उभाराव्यात, अशी विनंती त्यात स्थानिक परिषदांना होती. १९७० मध्ये शिक्षणमंत्री झालेल्या मार्गारेट थॅचर यांनी ते मागे घेतले. तरी त्यांच्याच कारकिर्दीत अनेक एकत्रित शाळांना मंजुरी मिळाली. ‘प्लीज सर!’ (१९६८–७२) ही लंडन वीकेंड टेलिव्हिजनची मालिका या खळबळीच्या मध्यावर आली. जॉन एस्मंड आणि बॉब लार्बी यांनी लिहिलेल्या या मालिकेत जॉन अल्डरटन यांचा बर्नार्ड हेजेस हा नवखा शिक्षक फेन स्ट्रीट सेकंडरी मॉडर्नमधल्या ‘पाच-सी’ या वर्गासमोर उभा राहतो. मुले दांडगट, पण मनाने वाईट नव्हेत. अकराव्या वर्षीच नापासाचा शिक्का बसलेल्या मुलांना मालिकेने चेहरे आणि नावे दिली, हे तिचे मोठे श्रेय. मात्र त्यांची परिस्थिती शिक्षकाच्या चांगुलपणाने सुधारेल, असा दिलासाही ती देते. मुळातली वाटणी तशीच राहते.

शिक्षकांवरचा विश्वास याच काळात ओसरू लागला. १९६९ पासून ब्रायन कॉक्स आणि ए. ई. डायसन यांनी संपादित केलेल्या ‘ब्लॅक पेपर्स’ या निबंधसंग्रहांनी नव्या अध्यापनपद्धतींवर हल्ला चढवला. लंडनच्या इझलिंग्टन भागातील विल्यम टिंडेल प्राथमिक शाळेत मुक्त पद्धतीवरून पालक आणि शिक्षक यांच्यात संघर्ष झाला, पालकांनी मुले काढून घेतली, आणि १९७६ मध्ये रॉबिन ऑल्ड यांचा चौकशी अहवाल आला. त्याच वर्षी १८ ऑक्टोबरला पंतप्रधान जेम्स कॅलहन यांनी ऑक्सफर्डच्या रस्किन कॉलेजमधील भाषणात अभ्यासक्रम हा सर्व समाजाच्या चर्चेचा विषय असल्याचे मांडले.

परक्यांचा वर्ग

‘माइंड युवर लँग्वेज’ (१९७७–७९) मध्ये बॅरी एव्हान्स यांचा जेरेमी ब्राउन प्रौढ परदेशी विद्यार्थ्यांना इंग्रजी शिकवतो. व्हिन्स पॉवेल यांच्या या मालिकेत प्रत्येक विद्यार्थी आपल्या देशाचा ठोकळेबाज नमुना आहे. वंशाधारित साचेबंद चित्रणामुळे ती आक्षेपार्ह वाटून वाहिनीचे अधिकारी मायकेल ग्रेड यांनी ती बंद केली. वंशाचा प्रश्न पुढे शाळांतही आला: १९८५ च्या स्वॉन समितीच्या अहवालाने बहुवांशिक समाजासाठीचे शिक्षण सर्वच मुलांना हवे, अशी भूमिका घेतली. काही स्थानिक परिषदांनी वंशभेदविरोधी शिक्षण हाती घेतले आणि हुजूर पक्षाने त्यावर राजकीय प्रचाराचा आरोप केला.

भारतात ‘माइंड युवर लँग्वेज’ला भरपूर प्रेक्षक मिळाले. तिच्यावर बेतलेल्या ‘जबान संभाल के’ (१९९३) या हिंदी मालिकेत पंकज कपूर हिंदी शिकवत. तिथे परदेशी विद्यार्थ्यांबरोबर भारतीय प्रांतही साच्यांत बसवले गेले. परक्या वातावरणात भाषा शिकणाऱ्याची धडपड प्रेक्षकाला आपली वाटते आणि त्याच वेळी दुसऱ्या समाजाची टिंगलही त्याच्या अंगवळणी पडते. मालिकेचे मूल्यमापन या दोन्ही परिणामांसह व्हायला हवे.

मंत्रालयाचा शिरकाव

अँटनी जे आणि जोनाथन लिन यांच्या ‘येस, प्राइम मिनिस्टर’चा ‘नॅशनल एज्युकेशन सर्व्हिस’ हा भाग जानेवारी १९८८ मध्ये दाखवला गेला. पालकांना शाळा निवडू द्यावी आणि शिक्षण खातेच बंद करावे, या कल्पनेने पंतप्रधान जिम हॅकर भारावतो. त्याचे वरिष्ठ सनदी अधिकारी सर हम्फ्री ती मोडून काढण्यासाठी कंबर कसतात.

प्रत्यक्षात घडले ते वेगळेच. शिक्षणमंत्री केनेथ बेकर यांचा शिक्षण सुधारणा कायदा जुलै १९८८ मध्ये संमत झाला. पालकांची निवड वाढली, पण त्याबरोबर राष्ट्रीय अभ्यासक्रम आणि ठरावीक वयाला मूल्यमापन आले, लंडनचे शिक्षण प्राधिकरण रद्द झाले आणि खात्याचे अधिकार कमी होण्याऐवजी वाढले. नोकरशाहीचे इतके नेमके चित्रण दुसरीकडे नाही, असे या मालिकेचे चाहते मानतात. सरकारी सेवक केवळ स्वतःचे हित पाहतात, हा समज तिने पसरवला, असे टीकाकार म्हणतात. तेव्हा पंतप्रधान असलेल्या थॅचर स्वतः तिच्या चाहत्या होत्या, ही बाब टीकाकारांच्या बाजूने जाते.

कायद्याची सीमा

छडीवर बंदी घालणाऱ्या १९८६ च्या कायद्यातच आणखी एक तरतूद होती: शाळेत एकतर्फी पक्षीय प्रचार नको आणि राजकीय विषय मांडताना वेगवेगळ्या मतांचा समतोल हवा. आज ती १९९६ च्या शिक्षण कायद्याच्या ४०६ आणि ४०७ या कलमांत आहे. २००७ मध्ये अमेरिकेचे माजी उपराष्ट्राध्यक्ष अल गोर यांचा हवामानबदलावरील माहितीपट शाळांत दाखवण्यावरून खटला झाला, तेव्हा योग्य मार्गदर्शक टिपणासह तो दाखवण्यास उच्च न्यायालयाने मुभा दिली. याउलट १९८८ च्या ‘कलम २८’ने स्थानिक परिषदांना समलैंगिकतेच्या पुरस्कारास मनाई केली. या विषयावर बोलण्यास अनेक शिक्षक कचरू लागले. हे कलम स्कॉटलंडमध्ये २००० साली, तर इंग्लंड आणि वेल्समध्ये २००३ साली रद्द झाले.

पहिल्या नियमात चर्चेला जागा आहे, दुसऱ्याने ती मिटवली. शाळा आणि राजकारण यांची पूर्ण फारकत चारही मालिकांच्या काळात कधी नव्हती. कधी छडी, कधी परीक्षा, कधी परिपत्रक या रूपाने राजकारण वर्गात होतेच. म्हणून राजकारण शाळेबाहेर ठेवण्याची घोषणा पुरेशी नाही. निर्णय कोण घेतो हे उघड असणे आणि मुलांसमोर एकापेक्षा अधिक मते येणे, या दोन अटी प्रत्येक पक्षाच्या सरकारला सारख्याच लागू झाल्या पाहिजेत.