40 डझन वह्या आणि एक अर्धवट ओळ: एआय एजंटसाठी टूलचं वर्णन कसं लिहायचं?



शाळा सुरू व्हायच्या आठवड्यातली गोष्ट. माझ्या स्टेशनरीच्या दुकानात 200 पानी वह्यांचे 310 नग शिल्लक होते. त्यात होलसेलरकडून आणखी 40 डझन आल्या. मी बिलाचा फोटो एआय एजंटला पाठवला आणि म्हटलं, "माल आलाय, स्टॉकला घे." उत्तर आलं, "झालं." मी गिऱ्हाइकात गुंतलो.

संध्याकाळी क्लास चालवणाऱ्या एका सरांनी व्हॉट्सअ‍ॅपवर 200 वह्या मागितल्या. एजंटने कळवलं, "सध्या 40च शिल्लक आहेत." सरांनी दुसरीकडून घेतल्या. गोडाऊनमध्ये 790 वह्या पडून, आणि हक्काची ऑर्डर हातची गेली!

आधी एजंटचाच राग आला. मग टूल उघडून बघितलं. टूल म्हणजे एजंटला करता येणारं एकेक काम: स्टॉक बघणं, बिल बनवणं, मेसेज पाठवणं. टूल डेव्हलपरने बनवलं होतं, पण वर्णन मी लिहिलं होतं. ते असं:

नाव: स्टॉक_बदल
वर्णन: स्टॉक बदलतो.
रकाने: माल, संख्या

हे टूल जुना आकडा पुसून नवा लिहायचं. मला ते माहीत होतं, म्हणून मी हाताने भरताना आधी बेरीज करायचो, तीही नगात. हे सगळं माझ्या डोक्यात होतं, कागदावर कुठेच नव्हतं. दुकानातला नवा मुलगा विचारतो, "दादा, डझन लिहू की नग?" एजंट बऱ्याचदा विचारत नाही, अंदाज लावून मोकळा होतो.

एजंटला काय दिसतं?

नोव्हेंबर 2024 मध्ये अँथ्रोपिक कंपनीने मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल, म्हणजे एमसीपी, सगळ्यांसाठी खुला केला. एजंटला बाहेरची सॉफ्टवेअर जोडायची ही एक ठरलेली पद्धत. त्यात एजंटला प्रत्येक टूलचं नाव, वर्णन आणि कोणती माहिती भरायची त्याचा आराखडा मिळतो. आतला कोड त्याला साधारणपणे दिसत नाही. म्हणजे तुम्ही लिहिलेल्या दोन-चार ओळी हेच त्याचं सगळं ट्रेनिंग.

मी काय बदललं?

1. एका टूलची दोन केली. "आलेला_माल_जमा_करा" आणि "मोजणीनंतर_शिल्लक_नोंदवा". नावातच काम कळतं.

2. कधी वापरायचं आणि कधी नाही, दोन्ही लिहिलं. "होलसेलरकडून माल आल्यावर वापरा. जुन्या शिल्लकीत आपोआप मिळवतो, आधी बेरीज करू नका. गिऱ्हाइकाने परत केलेल्या मालासाठी वापरू नका."

3. एकक आणि उदाहरण दिलं. "संख्या: नगात. 40 डझन आले तर 480." तारखेचंही तसंच. 05/06 म्हणजे 5 जून की 6 मे? म्हणून "2025-06-05 असं लिहा".

4. चुकीचा मेसेज सुधारला. आधी नुसतं "एरर" यायचं. आता येतं, "या नावाचा माल सापडला नाही. आधी माल_शोधा वापरून नेमकं नाव घ्या." पुढे काय करायचं ते एजंटला कळतं.

5. उत्तरात हिशोब मागितला. "झालं" ऐवजी "आधी 310, जमा 480, आता 790". चूक असली तर नजरेत भरते.

लिहूनही चुकला तर?

तर टूलच बदला. अँथ्रोपिकच्याच इंजिनिअरांनी डिसेंबर 2024 मध्ये असा अनुभव लिहिला होता. त्यांचा कोडिंग एजंट फोल्डर बदलल्यावर फाइलचा अर्धा पत्ता देऊन चुकायचा. त्यांनी टूललाच पूर्ण पत्ता सक्तीचा केला आणि ती चूक थांबली. मीही पुढे "एकक" असा वेगळा रकाना करून घेतला. त्यात नग किंवा डझन, दोनच पर्याय. आता गुणाकार सॉफ्टवेअर करतं.

आणि एक लक्षात ठेवा: वर्णन ही सूचना आहे, कुलूप नाही. पैसे परत करणं, नोंद पुसणं, सगळ्या गिऱ्हाइकांना मेसेज पाठवणं अशा कामांना "मालकाला विचारा" एवढं लिहून भागत नाही. तुमच्या मंजुरीशिवाय ते पुढेच जाणार नाही, अशी सोय डेव्हलपरकडून सॉफ्टवेअरमध्येच करून घ्या.

आजचा गृहपाठ

तुमच्या एका टूलचं वर्णन छापा आणि दुकानाशी संबंध नसलेल्या माणसाला वाचायला द्या. तो जे प्रश्न विचारेल, त्यांची उत्तरं वर्णनात घाला. मग खऱ्या व्यवहारातले दहा मेसेज निवडा, शीटची कॉपी करून त्यावर एजंटला चालवा. जिथे चुकेल तिथली ओळ सुधारा आणि तेच दहा मेसेज पुन्हा द्या.

माझा यात एक रविवार गेला. ते सर यंदा पुन्हा माझ्याकडे येतील की नाही, माहीत नाही. पण आता एखादं गिऱ्हाईक परत गेलं, तर निदान अर्धवट ओळीमुळे जाणार नाही.