वर्ध्याच्या छापील पुस्तकांतील ‘अि’ व ‘अु’

वर्ध्यास छापलेल्या जुन्या हिंदी पुस्तकांत ‘अितिहास’, ‘अुत्तर’, ‘अेक’ अशीं रूपें संग्राहकांस आढळतात. कित्येक त्यांस मुद्राराक्षसाचा प्रताप समजतात. आमच्या मतें राष्ट्रभाषेच्या धोरणाचा तो अस्सल पुरावा होय.

इंदूर येथें १९३५ सालीं महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखालीं हिंदी साहित्य संमेलन भरलें, व नागरी लिपीच्या सुधारणेचें काम काका कालेलकरांकडे आलें. १९३६ च्या नागपूर संमेलनांतून निघालेली समिती वर्ध्यास स्थापन झाली. तीच पुढें राष्ट्रभाषा प्रचार समिती म्हणून प्रसिद्धीस आली. इ, ई, उ, ऊ, ए, ऐ हीं सहा अक्षरें काढून ‘अ’लाच वेलांटी, उकार, मात्रा द्यावी, म्हणजे छापखान्यांत खिळे कमी लागतात व परप्रांतीय विद्यार्थ्यास एकच बाराखडी पुरते, अशी ही योजना. ‘ओ’ व ‘औ’ मुळांत तसेच बनले आहेत; तेव्हां कल्पना अगदींच उपरी नव्हे. मात्र ‘अि’ दिसला कीं पुस्तक वर्ध्याचें, असा निर्णय करूं नये. सावरकरांनींही याच रूपांचा पुरस्कार केला होता. भाषेच्या प्रश्नावर गांधींशीं त्यांचें मुळींच जमत नसतां स्वरचिन्हांवर दोघांच्या गोटांचें एकमत व्हावें, हें मौजेचें खरें.

खरा तंटा पुढेंच होता. नागरी व उर्दू या दोन्ही लिपींत लिहिली जाणारी हिंदुस्तानी हवी, या मतानें १९४२ सालीं वर्ध्यासच हिंदुस्तानी प्रचार सभा निघाली. १९४५ सालीं गांधी साहित्य संमेलनांतून बाहेर पडले. एकाच गांवीं दोन संस्था, दोन धोरणें! १४ सप्टेंबर १९४९ रोजीं घटना समितीनें नागरी लिपींतील हिंदीस मान्यता दिली, पण ‘राजभाषा’ म्हणून. ‘राष्ट्रभाषा’ हा शब्द घटनेंत आला नाहीं.

इंडोनेशियाचें उदाहरण येथें उद्बोधक आहे. २८ ऑक्टोबर १९२८ रोजीं तेथील तरुणांनीं बटाविया येथें एका भाषेची शपथ घेतली, ती संख्येनें प्रबळ अशा जावी लोकांच्या भाषेची नव्हे, तर बंदरोबंदरीं व्यापारांत चालणाऱ्या मलायीची. आपल्याकडे हिंदी अधिक लोकांची, हाच तिचा आधार व हाच तिच्यावरील आक्षेप. तेथेंही लेखनपद्धति बदलत गेली: ‘उ’ करितां डच धर्तीचीं दोन रोमन अक्षरें होतीं, त्यांचें १९४७ सालीं एक झालें, १९७२ सालीं आणखी फेरफार झाले. त्यामुळें तेथील पुस्तकांचा काल ठरवितांनाही लेखनपद्धतीकडे पाहावें लागतें.

म्हणून सूची करणारांस आमची विनंती एवढीच, कीं ‘अितिहास’चें ‘इतिहास’ करूं नये. मूळ रूप जसेंच्या तसें नोंदवून रूढ रूप कंसांत द्यावें.