जेट स्कीची आगोट

मे महिना सरत आला, की कोकणात घरोघरी आगोटीची लगबग सुरू होते. पावसाळ्याला पुरेल एवढं मीठ, मसाला, सुकी मासळी, लाकूडफाटा घरात भरून ठेवायचा, ती आगोट. होड्यासुद्धा वर ओढून शाकारल्या जातात. पण तारकर्ली, नागाव किंवा कळंगुटच्या किनाऱ्यावरच्या जेट स्कीचं काय? बऱ्याचदा तिच्यावर निळी ताडपत्री टाकली, दोरी आवळली, की काम खल्लास! सप्टेंबरात ताडपत्री काढायची, बटण दाबायचं आणि... टक्. बस्स, एवढाच आवाज.

तुम्ही वॉटर स्पोर्ट्समध्ये काम करत असाल, मित्रांबरोबर भागीदारीत जेट स्की घेतली असेल किंवा घ्यायच्या विचारात असाल, तर हे ‘टक्’ किती महागात पडतं ते वेगळं सांगायला नको. कर्जाचा हप्ता पावसाळ्यात सुट्टी घेत नाही. आणि दिवाळीचा सीझन तोंडावर असताना इंजिन गॅरेजमध्ये पडून राहणं कुणालाच परवडत नाही.

यूट्यूबवर याचे व्हिडीओ शोधलेत, तर बहुतेक कॅनडा-अमेरिकेतले सापडतील. तिथे भीती बर्फाची. इंजिनात उरलेलं पाणी गोठलं, की साधारण नऊ टक्के फुगतं आणि ब्लॉकला तडा जातो. म्हणून ते लोक अँटिफ्रीझ ओततात. आपल्याकडे ती भानगड नाही. आपले शत्रू दोन : मीठ आणि दमट हवा. समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे 35 ग्रॅम मीठ असतं. बऱ्याच जेट स्कींमध्ये हेच पाणी इंजिन थंड करायला आत फिरतं. ज्यांच्यात कूलंट वेगळं असतं, त्यांच्याही एक्झॉस्टमध्ये ते जातंच. पाणी सुकलं तरी मीठ मागे राहतं आणि चार महिने शांतपणे धातू खात बसतं.

आधी पेट्रोल

आता आपल्या पंपांवर 20 टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. पाणी फार झालं, की ते इथेनॉलसकट टाकीच्या तळाशी बसतं आणि नेमका तिथूनच पंप पेट्रोल खेचतो. म्हणून टाकी जवळपास भरून ठेवा, म्हणजे आत दमट हवेला जागा कमी उरते. बाटलीवर दिलेल्या मापाने फ्युएल स्टॅबिलायझर घाला. हे काम पहिलं करा, कारण पुढे इंजिन चालेल तेव्हाच ते इंजेक्टरपर्यंत पोचेल.

मग गोडं पाणी

बागेचा पाइप फ्लशिंगच्या तोंडाला जोडा. इथे एकच नियम पाठ करा : सुरू करताना आधी इंजिन, मग पाणी. बंद करताना आधी पाणी, मग इंजिन. इंजिन बंद असताना पाणी सोडलंत, तर ते एक्झॉस्टमधून उलटं सिलिंडरमध्ये शिरतं. पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे पुढच्या स्टार्टला कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. नळ बंद केल्यावर काही सेकंदच हलका थ्रॉटल द्या, उरलेलं पाणी बाहेर पडेल. पाण्याशिवाय इंजिन जास्त वेळ चालवायचं नाही. किती मिनिटं फ्लश करायचं ते तुमच्या मॉडेलच्या पुस्तिकेत बघा. हे सगळं मोकळ्या हवेत, आणि स्टार्टपूर्वी सीट उघडून पेट्रोलची वाफ जाऊ द्या. इम्पेलरजवळ हात न्यायचा नाही, कळलं ना?

तेल आणि सिलिंडर

इंजिन कोमट आहे तोवर ऑइल बदला. वापरलेल्या तेलात ओलावा आणि आम्ल असतं, ते बेअरिंगवर चार महिने कशाला ठेवायचं? खालून नट खोलायची सोय बहुधा नसते, डिपस्टिकच्या नळीतून पंपाने तेल ओढून घ्यावं लागतं. मग स्पार्क प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये फॉगिंग ऑइल फवारा आणि इंजिन क्षणभर फिरवा, म्हणजे आतल्या भिंतींवर तेलाचा पातळ थर बसतो. त्या वेळी ठिणगी आणि इंधन बंद असायलाच हवं. पहिल्यांदा करत असाल, तर जाणत्या मेकॅनिकला शेजारी उभं करा. एकदा बघितलंत, की पुढच्या वर्षी तुम्हीच दुसऱ्याला शिकवाल.

शेवटी बॅटरी आणि उंदीर

बॅटरीची आधी काळी वायर काढा, मग लाल. ती घरात कोरड्या जागी ठेवा आणि महिन्यातून एकदा चार्ज करा. जेट स्की पुढून थोडी उंच ठेवून मागचे ड्रेन प्लग उघडा, पाणी साचणार नाही. एअर इनटेक आणि एक्झॉस्टच्या तोंडात फडकं कोंबा, नाहीतर उंदीर तिथे संसार थाटतात. पण हँडलला चिठ्ठी बांधा : ‘फडकं काढल्याशिवाय स्टार्ट करू नये.’ ताडपत्री सगळीकडून घट्ट आवळू नका, आत घाम धरतो. खालून वारा खेळू द्या.

सगळं मिळून अर्ध्या दिवसाचं काम. सीझनच्या शेवटी अंग आंबलेलं असतं, ‘उद्या करू’ असं वाटतं, आणि तेवढ्यात पाऊस येतो. म्हणून शेवटचं गिऱ्हाईक उतरलं, की त्याच संध्याकाळी पाइप जोडा. इंजिन चालून जेवढं झिजतं, त्याहून जास्त कधी कधी नुसतं उभं राहून बिघडतं. आगोट वेळेवर भरली, की पाऊस सुखाचा जातो, हे घरच्या आजीला पक्कं ठाऊक असतं. ते जेट स्कीलाही तितकंच लागू आहे.