नत्राचे निक्षेपण आणि पीट दलदलीतील वनस्पती व मृदा : एक अभ्यास

प्रस्तावना :
नत्र हे पिकांचे प्रमुख अन्नद्रव्य होय. त्यामुळे नत्र वाढल्याने वनस्पतींची हानी होते, हे विधान प्रथमदर्शनी विसंगत वाटते. तथापि, उत्तर युरोपातील केवळ पावसाच्या पाण्यावर पोसल्या जाणाऱ्या पीट दलदलींच्या बाबतीत ते खरे आहे.

नत्राचे स्रोत :
वाहने व वीजकेंद्रे यांतून नत्राची ऑक्साइडे, तर पशुपालन व खते यांतून अमोनिया वायू हवेत मिसळतो. ही द्रव्ये पावसाबरोबर (ओले निक्षेपण) अथवा थेट वायुरूपात (कोरडे निक्षेपण) भूपृष्ठावर उतरतात. अशा दलदलींची सहनमर्यादा युरोपात प्रतिवर्षी हेक्टरी ५ ते १० किलोग्रॅम नत्र इतकीच मानली जाते.

वनस्पतींवरील परिणाम :
दलदलीतील स्फॅग्नम या शेवाळास मुळे नसतात. ते पावसातील नत्र सर्वांगाने शोषून घेते व खाली फारच थोडे जाऊ देते. निक्षेपण वाढले की ही गाळणी संपृक्त होते. नत्र मुळांपर्यंत पोहोचून गवत व भूर्ज वृक्ष फोफावतात आणि त्यांच्या सावलीत शेवाळ खुरटते. दवबिंदूसारखी कीटकभक्षी वनस्पतीदेखील अशा ठिकाणी कीटकांऐवजी मुळांवाटे अधिक नत्र घेते, असे स्वीडनमधील अभ्यासात आढळले.

नत्राचे रूपही निर्णायक ठरते. स्कॉटलंडमधील व्हिम दलदलीत २००२ पासून दीर्घकालीन क्षेत्रप्रयोग करण्यात आला. तेथे नत्राचे प्रमाण सारखे असतानाही पावसातील अमोनियमपेक्षा अमोनिया वायूने हीदर झुडुपे, शेवाळ व क्लॅडोनिया हे दगडफूल यांची अधिक वेगाने हानी केली.

मृदेवरील परिणाम :
पीट म्हणजे अर्धवट कुजलेल्या शेवाळाचे हजारो वर्षांचे थर. आम्लता, प्राणवायूचा अभाव आणि मृत शेवाळातील अल्प नत्र यांमुळे कुजण्याची क्रिया मंदावते. नत्र वाढल्यास सूक्ष्मजीवांना पोषण मिळून ती वेग घेते व साठलेला कार्बन वातावरणात परतू लागतो. पीटभूमी पृथ्वीच्या भूभागाच्या सुमारे ३ टक्के असली, तरी मृदेतील कार्बनचा सुमारे एकतृतीयांश साठा तिच्यात आहे. म्हणूनच हा प्रश्न केवळ काही वनस्पतींपुरता मर्यादित राहत नाही.

निष्कर्ष :
या दलदलीचे वैशिष्ट्य तिच्या दारिद्र्यातच आहे. तिच्या संरक्षणासाठी नत्राचे एकूण प्रमाण मोजणे पुरेसे नाही. नजीकच्या पशुपालन केंद्रांतून निघणाऱ्या अमोनियावर नियंत्रण ठेवणे तितकेच आवश्यक आहे.