महापौर मिळाला, जाब कोणाला विचारायचा?

चंडीगडच्या महापौरपदाच्या निवडणुकीचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २० फेब्रुवारी २०२४ रोजी रद्द ठरवला आणि आम आदमी पक्षाचे कुलदीप कुमार यांना थेट विजयी घोषित केले, तेव्हा देशभर त्याची चर्चा झाली. तत्कालीन सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या खंडपीठाने मतपत्रिका न्यायालयात मागवून पाहिल्या. ३० जानेवारीच्या मतदानात पीठासीन अधिकारी अनिल मसीह यांनी बाद ठरवलेली आठही मते कुलदीप कुमार यांची होती आणि त्या मतपत्रिकांवरील खुणा मसीह यांनीच केलेल्या होत्या. ३५ नगरसेवक आणि एक खासदार अशा ३६ मतदारांच्या या निवडणुकीत भाजपचे मनोज सोनकर १६ विरुद्ध १२ मतांनी जिंकल्याचे जाहीर झाले होते. खरा हिशेब २० विरुद्ध १६ असा होता. कॅमेऱ्याने टिपलेले ते दृश्य पाहून सरन्यायाधीशांनी 'लोकशाहीची हत्या' असे शब्द वापरले.

मतांचे रक्षण झाले, ते उत्तमच झाले. मात्र त्या गदारोळात एक साधा प्रश्न मागे पडला. ज्या खुर्चीसाठी एवढा आटापिटा झाला, तिच्या हाती आहे तरी काय?

चंडीगडच्या महापौराची मुदत अवघी एक वर्षाची असते. पंजाबचा १९७६ चा महापालिका कायदा १९९४ मध्ये या शहराला लागू करण्यात आला आणि डिसेंबर १९९६ मध्ये पहिली निवडणूक झाली. कार्यकारी अधिकार आयुक्तांकडे असतात आणि आयुक्त नेमते चंडीगड प्रशासन. मुंबईचा १८८८ चा कायदा ज्यांना ठाऊक आहे, त्यांना यात नवल वाटणार नाही. आयुक्त बलवान आणि महापौर शोभेचा, ही परंपरा आपल्याकडचीच. चंडीगडचा पेच त्याच्या वरच्या मजल्यावर आहे. येथे विधानसभा नाही, मुख्यमंत्री नाही, नगरविकासमंत्रीही नाही. १९८४ पासून पंजाबचे राज्यपाल हेच या केंद्रशासित प्रदेशाचे प्रशासक असतात. शहराच्या खर्चाच्या मागण्या केंद्रीय गृह खात्यामार्फत संसदेत मंजूर होतात आणि त्यातून महापालिकेच्या वाट्याला अनुदान येते. सल्लागार मंडळ आहे, पण त्याचे सदस्य नेमलेले आणि अध्यक्षस्थानी स्वतः प्रशासक. मुंबईकर निदान मंत्रालयावर मोर्चा नेऊ शकतो. चंडीगडच्या रहिवाशाने तो रायसीना टेकडीवर न्यायचा काय?

मराठी वाचकाला या पदाची ओळख करून देण्याची फारशी गरज नाही. लातूरचे शिवराज पाटील २०१० ते २०१५ या काळात येथे प्रशासक होते. नागपूरचे बनवारीलाल पुरोहित २०२१ ते २०२४ या काळात. म्हणजे त्या गाजलेल्या खटल्याच्या वेळी शहराच्या कारभाराच्या शिखरावर नागपूरचे गृहस्थ होते आणि न्यायासनावर पुणे जिल्ह्यात मूळ असलेले. आपली माणसे मोठ्या पदांवर असल्याचा अभिमान बाळगायला हरकत नाही, पण व्यक्ती कोणीही असो, ती चंडीगडच्या मतदाराने निवडलेली नसते, हे वास्तव त्याने बदलत नाही.

याचा परिणाम काय होतो, हे निकालानंतर काही आठवड्यांतच दिसले. मार्च २०२४ मध्ये नव्या महापौरांच्या अध्यक्षतेखाली सभागृहाने दरमहा वीस हजार लिटर मोफत पाणी आणि मोफत वाहनतळ असे ठराव केले. प्रशासकांनी जाहीर विरोध केला आणि योजना अमलात आली नाही. ठराव शहाणपणाचा होता काय? लोकसभा निवडणूक तोंडावर होती आणि महापालिकेची तिजोरी भरलेली नव्हती, तेव्हा शंका घ्यायला भरपूर जागा होती. परंतु चुकीचा ठराव करणाऱ्याला मतदाराने घरी पाठवायचे असते. येथे नगरसेवक म्हणाले, आम्ही दिले होते, वरच्यांनी अडवले. प्रशासन म्हणाले, पैसा कोठून आणणार? दोघेही आपापल्या परीने सुटले, आणि नळापाशी उभ्या असलेल्या माणसाच्या हाती जाब विचारण्याजोगे कोणी उरले नाही.

रस्त्यांचीही तीच कथा. ल कॉर्बुझिए यांनी शहराचे रस्ते सात प्रकारांत विभागले, ती नगररचनेतील नावाजलेली कल्पना. त्यांपैकी काही रस्ते प्रशासनाकडे, काही महापालिकेकडे, आणि ही वाटणीही अधूनमधून बदलत आलेली. आपल्या दारासमोरचा खड्डा कोणाच्या मालकीचा, हे समजण्यासाठी नागरिकाने आधी कॉर्बुझिएचा अभ्यास करावा, अशी ही व्यवस्था आहे. डड्डूमाजराच्या कचऱ्याच्या डोंगराबाबत तर कंत्राटदार, महापालिका, हरित लवाद आणि उच्च न्यायालय एवढे सगळे धागे गुंतले. तेथील प्रक्रिया प्रकल्प २०२० मध्ये महापालिकेने खासगी कंपनीकडून ताब्यात घेतला; शेजारच्या वसाहतीतील लोकांना त्यानंतरही दुर्गंधी आणि आगीचा धूर सोसावा लागला.

सर्वाधिक गमावले ते गावांनी, आणि त्यांची चर्चा सर्वांत कमी झाली. २०१८ च्या अखेरीस प्रशासनाने किशनगड, मौली जागरां, दडिया, बहलाना, धनास, सारंगपूर, कैंबवाला अशी उरलेली तेरा गावे महापालिकेत विलीन केली आणि तेथील पंचायती संपुष्टात आल्या. पंचायतीचा कारभार आदर्श होता, असे कोणी म्हणणार नाही. पण ग्रामसभा नावाची एक जागा कायद्याने होती. सरपंचाला गावासमोर बसून हिशेब सांगावा लागे, निदान तशी अपेक्षा ठेवता येई. विलीनीकरणानंतर गावकऱ्याला मिळाला तो एक नगरसेवक, ज्याच्या प्रभागात इतरही वस्त्या आहेत आणि ज्याने दरवर्षी नवा महापौर निवडायचा आहे. ग्रामसभेच्या तोलाची सभा शहरी प्रभागाला मिळाली नाही. महाराष्ट्राने २००९ मध्ये क्षेत्रसभांची तरतूद कायद्यात केली खरी, परंतु बहुतेक शहरांत ती कागदावरच राहिली. तेव्हा या बाबतीत आपणही चंडीगडला फार काही शिकवू शकत नाही.

पक्षांतराच्या बाबतीत मात्र फरक स्पष्ट आहे. महाराष्ट्रात १९८६ च्या कायद्यान्वये पक्ष बदलणाऱ्या नगरसेवकाचे पद जाऊ शकते. चंडीगडमध्ये तसा कायदा नसल्याने, सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाच्या दोनच दिवस आधी आम आदमी पक्षाचे तीन नगरसेवक भाजपमध्ये गेले आणि त्यांच्या पदाला धक्का लागला नाही. जानेवारी २०२५ मध्ये आप-काँग्रेस आघाडीकडे वीस मते असताना भाजपच्या हरप्रीत कौर बबला १९ विरुद्ध १७ मतांनी निवडून आल्या. या वेळी सर्वोच्च न्यायालयाने निवृत्त न्यायमूर्ती जयश्री ठाकूर यांना निरीक्षक नेमले होते, मोजणीबाबत तक्रारीला जागा नव्हती. तीन मते फुटली, पण ती कोणाची, हे गुप्त मतदानामुळे मतदारांना कळले नाही. पुढे त्याच वर्षी गुप्त मतपत्रिकेऐवजी हात वर करून मतदान घेण्याचा नियम झाला. जानेवारी २०२६ मध्ये त्या पद्धतीने भाजपचे सौरभ जोशी महापौर झाले. (जोशी हे आडनाव पंजाबातही असते, हे नाव वाचून कान टवकारणाऱ्यांसाठी.)

डिसेंबर २०२१ मध्ये निवडल्या गेलेल्या त्या सभागृहाने सोनकर यांच्यासह सहा महापौर पाहिले. एखाद्या महापौराने पदभार घेऊन अर्थसंकल्प समजून घ्यावा, निविदा काढाव्यात, तोवर पुढच्या निवडणुकीची जुळवाजुळव सुरू होते. पूर्ण मुदतीच्या, थेट निवडलेल्या महापौराची मागणी जुनी आहे. तिला विरोध करणारे म्हणतात की राजधानीच्या शहरात दुसरे सत्ताकेंद्र नको. दिल्लीच्या वाचकाला हा युक्तिवाद ओळखीचा वाटेल. त्याच्याही महापौराची मुदत एक वर्षाचीच आहे, आणि नायब राज्यपालांनी नेमलेल्या सदस्यांना महापौर निवडणुकीत मत नाही, हे ठरवण्यासाठी तेथेही फेब्रुवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात जावे लागले. चंडीगडमध्ये नामनियुक्त नऊ सदस्यांचा मताधिकार उच्च न्यायालयाने २०१७ मध्येच रद्द केला होता. मसीह त्याच नऊ जणांपैकी एक. मत देण्याचा अधिकार नसलेल्या सदस्याच्या हाती निवडून आलेल्यांची मते मोजण्याचे काम दिले गेले होते.

मुंबई आणि पुण्याच्या रहिवाशांनी २०२२ च्या मार्चपासून २०२६ च्या जानेवारीतील निवडणुकीपर्यंत निर्वाचित सभागृहाविना दिवस काढले. नगरसेवक नसताना अर्ज कोणाच्या टेबलावर ठेवायचा, हे त्यांनी अनुभवले. कैंबवाल्याच्या माणसाकडे नगरसेवक आहे, महापौर आहे, आयुक्त आहेत, मुख्य सचिव आहेत, प्रशासक आहेत आणि खासदारही आहेत. गल्लीतला दिवा लागला नाही तर त्याने यांपैकी कोणत्या दारावर थाप मारायची, याचे उत्तर त्याला सर्वोच्च न्यायालयाच्या निकालातही सापडणार नाही, कारण तो प्रश्न न्यायालयापुढे कोणी मांडलेलाच नव्हता.