रुमाल उघडताना

पारोळ्याजवळच्या आमच्या घराच्या माळ्यावरून उतरवलेला, कापडात बांधलेल्या जुन्या कागदांचा रुमाल मी धुळ्यात मोडी वाचणाऱ्या एका काकांपुढे ठेवला. गाठ सोडण्याआधी त्यांनी खाली पांढरा कागद अंथरला. का, ते लगेच कळलं. पहिली घडी उलगडताच बारीक काळी वाळू सांडली. शाई ओली असताना लिहिणाऱ्याने टाकलेली ती वाळू! मी बोट पुढे केलं, तसे काका म्हणाले, "आधी हात धुऊन, पुसून या."

मऊ ब्रशने धूळ मधून कडेकडे झाडायची. कसरीने कुरतडलेल्या कडेला हात लावायचा नाही. उघडलेला कागद परत जुन्या घडीवर दुमडायचा नाही, कारण तो तिथेच फाटतो. चिकटपट्टी तर नकोच; तिचा डिंक पिवळा पडून अक्षरंच खातो. हे सगळं होईपर्यंत तासभर गेला होता आणि एक शब्दही वाचून झाला नव्हता.

मोडीत आधी ओळ ओढतात, मग अक्षरं तिला लटकवत जातात. शब्द सुटे नसतात. म्हणून काका मोठ्याने वाचतात. शब्द कुठे तुटतो ते कान सांगतो. एका जागी ते थांबले: 'इहिदे तिसैन मया व अलफ'. मराठी पत्रातले हे अरबी आकडे. एक, नव्वद, शंभर, हजार. शुहूर सन ११९१, म्हणजे इसवी सन १७९०-९१. मजकूर विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून झालेल्या तंट्याचा. आमच्या गावात तो तंटा आजही होतो!

असे कागद गोळा करत इतिहासाचार्य वि. का. राजवाडे गावोगाव हिंडले. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड त्यांनी १८९८ मध्ये छापला; पुढे बावीस खंड झाले. अखेरीस ते धुळ्यात राहिले आणि ३१ डिसेंबर १९२६ रोजी इथेच वारले. पुढच्याच वर्षी त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ उभं राहिलं. याच शहरात शंकर श्रीकृष्ण देवांनी रामदासी मठांतली बाडं जमवली. ती समर्थ वाग्देवता मंदिरात आहेत. समर्थांच्या हातचं मानलं जाणारं वाल्मीकि रामायणही तिथेच आहे. खानदेशाचं हे धन मला कुठल्याही किल्ल्याइतकंच मोलाचं वाटतं.

घरी परतल्यावर आजीने विचारलं, "हाई काय शे रे?" वाचून दाखवल्यावर ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, असा आणखी एक रुमाल होता. वाळवी लागली म्हणून तो चुलीत घातला.

तुमच्या माळ्यावर असं बासन असेल तर ते उन्हात वाळवू नका, रद्दीत देऊ नका. आहे तसं स्वच्छ सुती कापडात बांधा आणि धुळ्याला घेऊन या.